रंगाखालचे काळे ठिपके

ढेकणांसाठी आलेला फोन मला पहिल्या वाक्यातच ओळखू येतो. झुरळांचा फोन करणारा माणूस मोठ्यानं बोलतो, वाळवीवाला रडकुंडीला आलेला असतो, आणि ढेकणांचा फोन करणारा आधी दार लावून घेतो. मग हळूच म्हणतो, "साहेब, आमच्याकडं नाही, पण आमच्या एका ओळखीच्यांकडं थोडा त्रास आहे." ओळखीच्यांचा पत्ता विचारला की स्वतःचाच सांगतो. वर आणखी, "गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा. आणि तो पंप जरा पिशवीत घालून आणता का?"

नांदेडला राहून अठ्ठावीस वर्षं मी हेच काम केलं. नांदेड, लातूर, आणि मधे लागतील ती सगळी तालुक्याची गावं. आता पलंगाखाली शिरलो की बाहेर यायला दुसऱ्याचा हात लागतो, म्हणून सोडलं. या अंकाच्या संपादकांच्या घरी मी एकदा काम केलं होतं. कशाचं ते सांगत नाही, बिचारे अजून त्याच घरात राहतात. त्यांनी लिहा म्हटलं म्हणून लिहून राहिलो.

ढेकूण म्हणजे मसुराच्या डाळीएवढा चपटा प्राणी. रक्त पिला की लांबट आणि लाल होतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, तो नुसता चालतो. माणूस जिथं अंग टाकतो त्याच्या आसपासच फटीत घर करतो आणि फार लांब जात नाही. त्यामुळं मी ढेकूण शोधत नाही, त्यानं केलेली घाण शोधतो. गादीच्या शिवणीवर, पलंगाच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसतात. ओलं फडकं फिरवलं की ते तपकिरी होऊन पसरतात. जवळच त्यानं टाकलेली पिवळट, पोकळ कातडी असते, आणि डोळे चांगले असतील तर पांढरी अंडीही दिसतात. अंडी औषधाला जुमानत नाहीत. ती फुटून पिल्लं बाहेर आली की परत फवारावं लागतं, म्हणून मी दोन आठवड्यांनी दुसरी फेरी करतो. लोकांना ही दुसरी फेरी नको असते. "एकदाच काय ते भारीतलं मारा की राव," म्हणतात. भारीतलं मारलं तर ढेकणाआधी तुम्ही जाल, असं मी सांगायचो.

ही गंमत नाही. हिमायतनगरकडच्या एका घरात थोरल्या भावानं कपाशीवर मारायचं औषध घरात मारलं होतं. "बोंडअळी मरती तं ढेकूण काहून मरनार न्हाई?" हा त्याचा हिशोब. रात्री घरातले चौघं उलट्या करून बेजार. मी पोचलो तेव्हा सगळे अंगणात बसलेले, चेहरे पांढरेफटक. दारं-खिडक्या सताड उघडून दोन दिवस घरात पाऊल टाकू नका म्हटलं. ढेकूण? ते औषधाच्या वासानं मधल्या भिंतीच्या भेगेतून धाकट्याच्या अर्ध्या घरात निघून गेले होते. दोघं भाऊ पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटा मला म्हणाला, "वाटणीत कवडी सोडली न्हाई यानं, आता बघा, न मागता देऊन राहिला."

दुसरी आमची आवडती रीत म्हणजे बाज उन्हात टाकायची. आमच्याकडच्या उन्हात ढेकूण मरतो, यात शंका नाही. पण बाज एकाच कुशीवर दिवसभर पडून राहिली तर तो सावलीच्या बाजूच्या सुतळीत जाऊन निवांत बसतो आणि संध्याकाळी बाजेसंगट घरात येतो. बाज तासातासानं उलटवा, सुतळीवर उकळतं पाणी टाका, अंथरूण-पांघरूण कडक पाण्यात धुवा, भेगा बुजवा. परगावच्या लॉजवर उतरलात तर बॅग पलंगावर टाकू नका, आधी गादीचा कोपरा उचलून बघा. जुना पलंग स्वस्तात मिळाला म्हणून घरात आणू नका. एवढं केलं असतं लोकांनी तर मी उपाशी मेलो असतो.

पण लोकांना उपाय नको असतो, त्यांना आधी आणलं कुणी ते पाहिजे असतं. सुनेच्या माहेराहून आले, भाडेकरूनं आणले, कामवालीच्या पिशवीतून आले. ढेकूण घाणेरड्या घरातच होतो अशी सगळ्यांची पक्की समजूत. तो रक्त पितो, आणि रक्त सगळ्यांचं सारखंच असतं, हे मी सांगून सांगून थकलो. आणि हे सगळ्यांना शिकवणारा मी, त्याच प्रश्नाचं उत्तर एकदा बेधडक देऊन बसलो. ती गोष्ट सांगायचीच म्हणून हा लेख लिहायला घेतला. बाकीचं वर जे लिहिलं ते बहुतेक धीर गोळा करायला.

लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला गावोगावच्या पोरी येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासाठी एका तीनमजली घरात एका मॅडमनं होस्टेल काढलं होतं. चाळीस मुली, एका खोलीत चार. संक्रांत होऊन गेली होती, परीक्षा मे महिन्यात. मॅडमचा फोन आला तो दार लावूनच आला. मी सकाळी अकराला पोचलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मुलींच्या हातांवर, मानेवर रांगेनं गांधी उठल्या होत्या. चार लोखंडी पलंग, पांढरे स्वच्छ रंगवलेले. तीन पलंगांवर गाद्यांच्या शिवणीत तुरळक ठिपके, एखाददुसरं कातडं. खिडकीजवळच्या चौथ्या पलंगावर मात्र मेळा भरला होता. गादीच्या चारी कोपऱ्यांत ढेकूण, आणि गादीवर पसरलेल्या वाकळेच्या घडीतही. वाकळ म्हणजे गोधडी, आमच्याकडं वाकळच म्हणतात. हातानं शिवलेली, जुन्या लुगड्यांची, मधे निळी, कडेनं डाळिंबी.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्यामागं व्हरांड्यात मुलींची ही गर्दी. मॅडमनं विचारलं, "कुठून सुरुवात झालीय?"

मी चौथा पलंग दाखवला. "इथून."

"ती वाकळ तिनं घरून आणलीय," मागून एक मुलगी म्हणाली.

आणि मी म्हणालो, "अशा वाकळेतूनच येतात."

तो पलंग पल्लवी नावाच्या मुलीचा होता. जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती तिथंच उभी होती, हातात जीवशास्त्राचं पुस्तक, बोट पानात घातलेलं. ती म्हणाली, "आमच्या घरी ढेकूण न्हाईत ओ." एकदाच म्हणाली. मी औषध मारलं, दोन आठवड्यांनी येतो म्हटलं आणि निघालो. खोली बघायला मला दहा मिनिटं लागली असतील.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा चौथा पलंग रिकामा. गादी नाही, माणूस नाही. मॅडम म्हणाल्या, "तिला घरी पाठवलं. बाकीच्या पालकांचे फोन सुरू झाले होते, मी तरी काय करणार?" मी 'हं' म्हटलं. माझं काम फवारणीचं, कुणाला ठेवायचं-काढायचं माझ्या हातात नाही, असं मनाशी म्हणून पंपाला हवा भरली.

पण त्या खोलीत अजून ढेकूण होते. पिल्लं नव्हेत, चांगले मोठे. वाकळ गेली, मुलगी गेली, मग हे राहतात कुठं? मी रिकामा पलंग आडवा पाडला. त्याचे पाय चौकोनी पोकळ पाइपचे, खाली रबरी बूट. बूट ओढून काढला आणि पाय फरशीवर आपटला. आतून कातड्यांचा चुरा पडला, मूठभर. एका हंगामाची ही घाण नव्हे, वर्षानुवर्षांची. मग शेजारचा पलंग पाडला, तिथंही तेच. बॅटरी सांध्यावर धरली. पांढऱ्या रंगाला एके ठिकाणी बारीक फुगवटा होता. नखानं पापुद्रा काढला तर खाली काळे ठिपके. आणि एक आख्खं कातडं, रंगात चिकटून बसलेलं. तो पापुद्रा मी कागदात गुंडाळून खिशात टाकला.

रंगाखाली ठिपके आहेत, याचा अर्थ अगदी सरळ होता. रंग लागायच्या आधी ढेकूण तिथं होते.

मी खाली जाऊन मॅडमना विचारलं, पलंग कुठून आणले? त्या म्हणाल्या, एक लॉज बंद पडला होता, तिथून. मे महिन्यात रंगवून घेतले, जूनमध्ये पहिली मुलगी आली. पल्लवी तर जुलैत आली होती.

मग तिच्याच पलंगावर एवढे का? तेही कळलं, खोलीतल्याच एका मुलीकडून. बाकीच्या तिघी दिवसभर अभ्यासिकेत जाऊन बसायच्या. पल्लवीला मोठ्यानं वाचल्याशिवाय ध्यानात राहत नव्हतं, आणि अभ्यासिकेत मोठ्यानं वाचू देत नाहीत. म्हणून ती सकाळपासून पलंगावरच मांडी घालून बसायची. माणूस जास्त वेळ जिथं, ढेकूण तिथं. नव्या पोऱ्याला मी पहिल्या दिवशी शिकवायचो की गर्दी कुठं आहे त्यावरून उगम ठरवू नको. गाव कुठं वसलंय त्यावरून नदी कुठं उगवली ते कळत नाही. माझाच धडा, आणि मीच नापास.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं काका. आता पलंगाचं तेवढं नीट करा. तिला परत बोलवायचं म्हणजे पलंग जुने होते हे मला चाळीस पालकांना सांगावं लागेल." बाई वाईट नव्हती. घाबरली होती. मीही घाबरलोच, कारण लातुरातली आणखी चार होस्टेलं मला तिच्याच ओळखीनं मिळालेली. पलंगांच्या पोकळीत औषध सोडलं, बूट बसवले आणि नांदेडला आलो.

आठ दिवस मी काही केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण आठ दिवस. जेवताना ते पुस्तकात घातलेलं बोट दिसायचं. शेवटी बायको म्हणाली, "ताटाशी भांडू नका, काय असंल ते जाऊन निस्तरा." लातूरला जाऊन होस्टेलच्या वहीतून गावाचं नाव घेतलं आणि जळकोटची एसटी धरली.

घर सापडायला अडचण आली नाही. पारावर पत्ता विचारला तर एकानं विचारलं, "ते ढेकणावालं का?" तीन आठवड्यांत घराला हे नाव पडलं होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, म्हणजे ओसरी, आणि सारवलेलं अंगण. पल्लवीची आई तुरी पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमीच का ते? तुमीच म्हनले का आमच्या घरातून ढेकनं आले म्हून?"

"हो. चुकलं माझं."

"चुकलं म्हनं!" ती उठून उभी राहिली. "वाकळ जाळली ओ त्यायनं. गेटापाशी राकेल टाकून जाळली, सगळ्या पोरी बघून राहिल्या. माझ्या लग्नातलं लुगडं होतं त्याच्यात. माझी जाऊ लेकरायला आमच्या सोप्यात बसू देईना. अन् पोरगी बघा, पुस्तकाला हात लावंना. दुसऱ्यांदा बसून राहिली होती परीक्षेला. हिचा बाप म्हनला होता, यंदा न्हाई तं पुन्हा न्हाई. तुमाला काय, चुकलं म्हनलं अन् झालं."

मी ऐकून घेतलं. वाकळ जाळल्याचं मला माहीत नव्हतं. औषध मारल्यावर ती जाळायची काही एक गरज नव्हती, कडक पाण्यात टाकली असती तरी भागलं असतं. तेही त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मी घर बघायची परवानगी मागितली. "बघा की, आता काय राह्यलंय," ती म्हणाली. दोन्ही खोल्या, बाज, भिंतींच्या भेगा, देवाचा कोनाडा, ट्रंका, सगळं बघितलं. एक ठिपका नाही. पल्लवी आतल्या दाराशी उभी राहून बघत होती. मी तिला पलंगाचं सांगितलं, रंगाचं सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. म्हटलं, मॅडमशी बोलतो, तू परत चल, तीन महिने हातात आहेत.

ती म्हणाली, "तुमी मॅडमला सांगून काय व्हनार? तुमी सगळ्यांपुढं बोललात. सगळ्यांपुढंच परत घ्या. मग येते."

अठरा वर्षांची पोर. तिचं म्हणणं मला एकदम पटलं.

मॅडमना फोन केला. म्हणालो, येत्या रविवारी सकाळी मी मुलींना खरं काय ते सांगणार आहे, तुम्ही हजर राहा नाहीतर राहू नका. त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडचं तुमचं काम बंद." म्हटलं, बंद तर बंद. फोन ठेवल्यावर मला वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही. पुढं खरंच बंद झालं, बाकीच्या चार ठिकाणचंही. मॅडमनी मात्र एक केलं, पल्लवीची जागा तिला परत दिली आणि पलंग भंगारात काढले. मी म्हटलं ना, बाई वाईट नव्हती.

लोक विचारतात, मुलीचं पुढं काय झालं? परीक्षा दिली. हवं ते कॉलेज मिळालं नाही, दुसरं मिळालं. ते तीन आठवडे वाया गेले नसते तर हवं ते मिळालं असतं का, हे मला कुणीच सांगू शकत नाही. मी विचारायलाही जात नाही.

तर तो रविवार. व्हरांड्यात चाळीस मुली, जिन्यावर मॅडम, पल्लवी आणि तिची आई खोलीच्या दारापाशी. पेस्ट कंट्रोलवाल्याला भाषण करायची सवय नसते. मी खिशातून तो रंगाचा पापुद्रा काढला, खाली चिकटलेल्या कातड्यासकट, आणि पहिल्या मुलीच्या हातावर ठेवला. म्हणालो, बघा आणि पुढं द्या. ढेकूण पलंगांत होते, तुम्ही कुणी इथं यायच्या आधीपासून. हिनं आणले नाहीत. हिच्या वाकळेतून आले असं मी म्हणालो ते खोटं होतं. न बघता बोललो. पापुद्रा हातोहात फिरत राहिला. त्या दिवशी मागून वाकळेचं बोललेली मुलगी रडायला लागली.

मला वाटलं, संपलं. पण पल्लवीनं पिशवीतून नवी वाकळ काढली. आईनं त्या तीन आठवड्यांत शिवून दिलेली, टाके अजून ताठ होते. तिनं ती व्हरांड्याच्या फरशीवर पसरली आणि म्हणाली, "तपासा."

"गरज नाही बाळा. मी तुमचं घर बघून आलोय."

"तपासा. तवा पन सगळ्यांपुढंच तपासली होती."

मी गुडघे टेकले. बॅटरी लावली आणि एका कोपऱ्यातून सुरुवात केली. टाका न् टाका बघितला, कडेची प्रत्येक दुमड उलटवली, पालथी करून परत पहिल्यापासून. अख्ख्या हयातीत एवढ्या निगुतीनं मी कुणाचं अंथरूण बघितलं नव्हतं. अर्धा तास गेला असेल. शेवटी म्हणालो, "काही नाही. स्वच्छ आहे."

पल्लवी शेजारी उकिडवी बसली होती. तिनं विचारलं, "काका, आज एवढा वेळ लागला. त्या दिवशी दहा मिन्टात कसं झालं?"

अशा प्रश्नाला द्यायला माझ्याकडं धंद्यातली वीस उत्तरं होती. उजेड कमी होता, पहिल्या फेरीत एवढंच बघतात, काहीही. मी बॅटरी विझवली.

"घाई होती मला."

"कशाची?"

"औशाच्या रस्त्याला एका दोस्ताच्या शेतात हुरड्याला बोलावलं होतं. हुरडा आगटीतून काढला की गरम गरमच खावा लागतो."

ती वाकळेची घडी घालायला लागली. चार पदरी घडी घातली, वर हात फिरवला.

"मग गरम भेटला का?"

"भेटला," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, वाकळ उचलली आणि आत गेली.